तुफान मायचा शेवटचा अंक

'तुफान माय' हे नाव मिलिंदचं. मी सुचवलं होतं 'शूर आई', पण माझा धाकटा भाऊ म्हणाला, "आई लई मऊ वाटतं, ताई. आईला कोणता राक्षस भिणार?" म्हणून माय. घरात आम्ही तिला आईच म्हणायचो, पण गल्लीत ती 'मिलिंदची माय' होती, आणि गल्लीतल्या लोकांना ती दिवसातून इतक्यांदा लागायची की ते नाव कायम कुणाच्या ना कुणाच्या तोंडात असायचं. कॉमिक्स आम्ही भाड्यानं आणून वाचायचो. त्यातले सगळे वीर पुरुष, सगळे अंगाला चिकटलेल्या कपड्यांतले. मिलिंदनं आमच्या वीराला लुगड्याचा काष्टा घातला, पदर मागं उडता ठेवला आणि पायात आईच्या स्लिपर दिल्या. स्लिपरचा एक पट्टा तारेनं बांधलेला होता, तोही त्यानं काढला.

उस्मानपुऱ्याच्या मागच्या अंगाला आमची गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी विहार. विहाराबाहेर एक मोठा फळा होता. त्याच्या एका बाजूला सभेच्या आणि वर्गणीच्या सूचना लागत, दुसरी बाजू पोरांची. रविवारी सकाळी वंदना झाली की पोरांच्या बाजूला नवं काहीतरी लागायचं आणि पुढच्या रविवारपर्यंत ते कुणी काढायचं नाही, अशी रीत होती. एकदा लागलं की लागलं. त्यामुळं त्या फळ्याला फार वजन होतं. एका माणसानं नशेच्या भरात 'मी आजपासून दारू सोडली' असं तिथं लिहिलं होतं. त्याला ती खरोखर सोडावी लागली, कारण पोरंटोरंसुद्धा त्याला रस्त्यात अडवून विचारायची, "काका, फळ्यावर लिहिलंय ना?"

आमचा अंक म्हणजे एक पांढरं कार्डशीट, त्यावर सहा चौकोन. मिलिंद आठवडाभर चित्रं काढायचा आणि पात्रांच्या तोंडापाशी रिकामे फुगे सोडायचा. त्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक, म्हणून फुगे भरायचं काम माझं. शनिवारी दुपारी तो मला एकेक वाक्य सांगायचा आणि मी शाईच्या पेनानं लिहायची. खळ शिजवायची मी, शीट चिकटवायची मी, रंग संपले की सांगायची मी. आजही मी तेच करते, फक्त पगार घेऊन. एका कंपनीचं स्टोअर सांभाळते. काय संपलं, काय उरलं, कुणी नेलं आणि परत केलं नाही, हे डोक्यात ठेवायची सवय तेव्हापासूनची.

पहिल्या अंकात तुफान मायनं डंखासुर नावाच्या मच्छराला पदरात गुंडाळून हर्सूलच्या तलावात बुडवलं. पुढं तिनं गटारात पडलेली शेळी एका हातानं काढली, नळावरचं भांडण नुसत्या नजरेनं थांबवलं, रिक्षा उचलून रेल्वेफाटकाच्या पलीकडं ठेवली. तो अंक बघून कोपऱ्यावरचे रिक्षावाले रहीमभाई म्हणाले, "क्या रे मिलिंद, तेरी माय ऐसा उठा उठा के रखी तो अपन क्या भूके मरना क्या?" लोक वंदनेला लवकर यायला लागले. काही तर वंदना संपेपर्यंत बाहेरच उभे राहायचे. त्यावरून विहाराच्या चाव्या सांभाळणारे साळवेकाका आमच्यावर रागवायचे, आणि स्वतः सगळ्यांच्या पुढं उभं राहून वाचायचे.

खरी आई एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती. पहाटे स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग परातीत भाकरी थापल्याचा, मग अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, कंपनीच्या बसचा हॉर्न, या क्रमानं आमचा दिवस उजाडायचा. एकीकडून मशिदीची बांग यायची, दुसरीकडून स्टेशनातून सुटणाऱ्या गाडीची शिट्टी. ज्वारीची भाकरी, येसरची आमटी, शेंगदाण्याची चटणी. आई सगळ्यांना वाढून झाल्यावर खाली बसायची आणि तिनं पहिला घास मोडला की दारात कुणीतरी उभं. सोजरबाई तर हमखास. सोजरबाई म्हणजे समोरच्या घरातल्या, आईपेक्षा वयानं मोठ्या, स्वभावानं चांगल्या, पण त्यांना प्रत्येक गोष्ट आत्ताच्या आत्ता हवी असायची. "मिलिंदच्या माय, नातवाच्या पाठीवर काय उठलंय बघ की." आई हात धुवायची आणि जायची. परत येईपर्यंत आमटीवर साय धरलेली असायची. तुफान माय जेवताना आम्ही एकदाही दाखवली नाही. त्यात विशेष काही आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं. वीर लोक जेवत नसतात.

आईनं लग्नानंतर, माझ्या जन्मानंतर, बाहेरून दहावी दिली होती. दवाखान्यातल्या एका सिस्टरनं तिला नर्सच्या ट्रेनिंगचा अर्ज भरायला लावला आणि तिची निवड झाली. परभणीला दीड वर्ष, होस्टेलवर राहायचं. ही बातमी तिनं आम्हाला भाकरी थापता थापता, परातीकडं बघत सांगितली. अण्णांनी विचारलं, "आणि घर?" आई म्हणाली, "तेच इचारायचं हाय." अण्णा वाईट माणूस नव्हते. त्यांनी कधी हात उगारला नाही की पगार उडवला नाही. पण एखाद्या गोष्टीला होय म्हणायची वेळ आली की ते गप्प बसायचे आणि पिशोरला निरोप धाडायचे. पिशोरला त्यांची थोरली बहीण.

आत्या एका पोत्यात ज्वारी आणि एका पिशवीत मेथी घेऊन आली. बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "काय गं कमल, नर्स व्हायलीस म्हणं. बाळंतपणं करायला गावोगाव हिंडणार, आन् हितं तुझ्या नवऱ्याला भाकर कोण घालणार? मी?"

"तसं नाय, आक्का."

"मंग कसं? आगं, जायला माझी ना नाय. शिकावं. बाबासायबांनी सांगितलंयच. पण बाई, समदं रीतीनं करावं. संगी हाय की घरात. नववीला गेली, भाकरी येती, कालवण येतं. दीड वरीस शाळा राहिली तर काय आभाळ पडतंय? शाळा काय पळून जाती?"

ती संगी म्हणजे मी. मी मेथी निवडत बसले होते. कुणीच माझ्याकडं बघितलं नाही. अण्णा म्हणाले, "आक्काचं एका परीनं बरोबर हाय." मला आठवतंय, मी निवडलेली पानं आणि काड्या एकत्र केल्या आणि मग परत वेगळ्या करत बसले.

आई उठून उभी राहिली. "संगीची शाळा मोडून मला नर्स व्हायचं नाय. तसं असंल तर मी जात नाय, इषय संपला." आणि ती कामाला निघून गेली. आत्या अण्णांना म्हणाली, "बघ उत्तम, झालं का नाय आपोआप? लई ताणायचं नसतं." माझी शाळा वाचली होती. आणि आई रोज त्याच दवाखान्यात घाणीची घमेली उचलायला जाणार होती. एका गोष्टीचा आनंद झाला की लगेच दुसरी आठवायची. असा एक आठवडा गेला. हजर होण्याची तारीख जवळ येत होती आणि आईनं दवाखान्यात अजून नकार कळवला नव्हता. बॅग तिनं माळ्यावरून काढली होती, पण भरली नव्हती.

मिलिंदला मात्र आईनं जाऊच नये असं वाटत होतं. माझ्या शाळेसाठी नाही, स्वतःसाठी. तो सहावीत होता आणि अजून तिच्या पदराला नाक पुसायचा. ती बॅग बघून तो हादरला. त्या आठवड्याच्या अंकात त्यानं तुफान माय बॅग घेऊन निघालेली दाखवली आणि एका म्हाताऱ्या साधूच्या तोंडी घातलं, "नाल्यावरचा पूल ओलांडलास तर तुझी शक्ती जाईल!" खाली माझ्याकडून लिहून घेतलं: पुढच्या रविवारी शेवटचा अंक.

गल्लीला समजायला वेळ लागला नाही. नळावर, किराण्याच्या दुकानात, विहाराच्या पायऱ्यांवर तोच विषय. ज्यांना ट्रेनिंगचं माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. सोजरबाई म्हणाल्या, "लेकराचा जीव तुटतोय गं, चित्रातून बोलतंय ते." दुसरी कुणी म्हणाली, "पोरं टाकून शिकायला जातात व्हय कुणी?" अण्णा घरी येऊन म्हणाले, "बघ, लोक बी तेच म्हणायलेत." आई फळ्यापाशी जाऊन तो अंक सावकाश वाचून आली होती. एवढंच म्हणाली, "हात लई बसलाय मिल्याचा. स्लिपर डिट्टो काढल्या."

शेवटचा अंक त्यानं जीव ओतून काढला. इतकी चांगली चित्रं त्यानं त्याआधी काढली नव्हती. पहिल्या चौकोनात उंबऱ्यावर बॅग घेऊन उभी तुफान माय. दुसऱ्यात तिचा पदर धरून रडणारे मुलगा आणि मुलगी. तिसऱ्यात थंड स्टोव्ह, रिकामी परात आणि डोकं धरून बसलेला बाप. चौथ्यात ती पुलावर आहे आणि अंगातून ठिणग्या बाहेर पडताहेत. पाचव्यात ती रस्त्यावर कोसळलेली, पदर चिखलात. सहाव्यात ती गल्लीत परत आलेली, भोवती टाळ्या वाजवणारे लोक. फुगे रिकामे. शनिवारी दुपारी त्यानं मला वाक्यं सांगितली. पाचव्या चौकोनात तिनं म्हणायचं होतं, "चुकलं माझं." सहाव्यात, "आता मी कधीच कुठं जाणार नाही."

मी पेनात शाई भरली. टोपण काढलं. अवघड तो आधी उरकावा म्हणून पाचव्या फुग्यावर हात नेला आणि तो चालेना. मी म्हणाले, "पाणी आलंय वाटतं, भरून येते." पाणी आलं नव्हतं. मी नुसतीच घागर घेऊन नळापाशी उभी राहिले. मिलिंदही कंटाळून बाहेर खेळायला गेला.

परत आले तर आई जमिनीवर पालथी पडून, पोरीसारखे पाय मागं वर करून, माझ्या पेनानं लिहीत होती. दवाखान्यात बाटल्यांवर लावायच्या चिठ्ठ्या तीच लिहायची. तसंच सुटं, ठसठशीत अक्षर. सगळे फुगे भरत आले होते. उंबऱ्यावरची माय म्हणत होती, "दीड वर्षानं येते. मधून सुट्टीला येईन." रडणारा मुलगा म्हणत होता, "पीठ मी मळतो. मला शिकव." रडणारी मुलगी म्हणत होती, "मी शाळेत जाते." डोकं धरून बसलेल्या बापाच्या तोंडी होतं, "डोकं दुखतंय. पण चहा मला करता येतो." पुलावर, ठिणग्यांमध्ये: "पुलापर्यंत आले तरी कुणी हाक मारली नाही. नवल आहे." रस्त्यावर कोसळलेली म्हणत होती, "भूक लागलीय. सकाळपासून खाल्लं नाही." आणि शेवटच्या चौकोनात टाळ्या वाजवणारे लोक म्हणत होते, "या. बसा. आधी जेवून घ्या." तिथल्या मायचा फुगा तिनं रिकामाच ठेवला होता.

मी वाचत असतानाच मिलिंद आला. त्यानं माझ्या हातातून शीट ओढलं. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

"हे माझं चित्र आहे."

"चित्र तुझंच हाय," आई म्हणाली. "पण त्यातली बाई मी हाय ना? मंग तिचं तोंड माझं."

"मुलाचं तोंड तर माझं आहे! ते पण तूच लिहिलंस."

हे आईला लागलं, मला दिसलं. उठून बसली, पेनाला टोपण लावलं. "व्हय," ती म्हणाली. "ते खरं हाय. ते मी तुला न इचारता लिहिलं. पटत नसंल तर फाड."

"फाडतो."

"फाड. मी रागवणार नाय. फाडलंस तर फळ्यावर काय लागणार नाय, संगीला घरी बसवायची बोलणी परत सुरू होतील, आन् मी जाणार नाय. हितंच ऱ्हाईन. तुला पाहिजे तसं." ती त्याला घाबरवत नव्हती. डब्यात काय आहे आणि काय नाही, हे सांगावं तसं सांगत होती.

मिलिंदनं शीट दोन्ही हातांत धरलं होतं. एकदा फाडलं की त्याला हवं ते सगळं मिळणार होतं. मी समोर रिकामी घागर धरून बसले होते. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तो बराच वेळ त्या दुसऱ्या चौकोनाकडं बघत राहिला.

"मला पीठ मळता येत नाही," शेवटी तो म्हणाला.

"येतं. आठ दिवसांत येतं."

"पोरं हसतील."

"हसतील," आई म्हणाली. तिनं खोटं काही सांगितलं नाही.

त्यानं शीट पलंगावर ठेवलं, फेकलं नाही, आणि निघून गेला. आईनं तोंडाला पदर लावला. मी खळ शिजवायला घेतली, कारण कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

रविवारी वंदनेनंतर मी शीट चिकटवलं. सगळी गल्ली पांढऱ्या कपड्यांत फळ्यापुढं उभी. साळवेकाकांनी चष्मा लावला आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी, सभेत ठराव वाचावा तशा आवाजात, एकेक फुगा वाचला. "पीठ मी मळतो. मला शिकव," इथं आल्यावर सगळ्या माना मिलिंदकडं वळल्या. तो विहाराच्या भिंतीला टेकून उभा होता आणि बोटानं चुन्याचा पोपडा काढत होता.

आत्या अजून आमच्याकडंच मुक्कामाला होती. ती म्हणाली, "अगं माय गं! पोराला चुलीपाशी बसवतीस का, कमल?"

आईच्या आधी सोजरबाईच बोलल्या. "कामून? हात नायत का त्याला?" मग स्वतःच दचकल्या आणि म्हणाल्या, "न्हाई, फळ्यावर लिहिलंयच त्यानं."

साळवेकाकांनी पुढचा फुगा वाचला. डोकं दुखतंय, पण चहा मला करता येतो. आता माना अण्णांकडं वळल्या. अण्णांनी घसा साफ केला. लोक वाट बघत होते आणि माझ्या बापाला होय म्हणायचं होतं किंवा नाही म्हणायचं होतं, आणि पिशोरला निरोप धाडायची सोय नव्हती. आक्का शेजारीच उभी होती. "चहाचं खरं हाय," ते म्हणाले. "येतो मला." कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. भुकेच्या फुग्यापाशी मात्र हसू थांबलं. बायका त्या चौकोनापुढं जरा जास्त वेळ रेंगाळल्या. शेवटचा फुगा साळवेकाकांनी वाचला तेव्हा त्यांचा ठरावाचा आवाज राहिला नव्हता.

ही गोष्ट मी आमच्या कुटुंबात आता सांगते तेव्हा लोक इथं टाळ्या वाजवतात. मी वाजवत नाही. आई गेली, शिकली, पुढं उपकेंद्रावर नोकरी केली. माझी शाळा झाली, कॉलेज झालं. हे सगळं त्या कार्डशीटमुळं, हे खरं. पण मिलिंदनं त्यानंतर चित्र काढलं नाही. रागानं नाही, रुसूनही नाही. त्याची ती गोष्ट तिथं संपली. आज तो वाळूजला स्वतःचं वर्कशॉप चालवतो आणि त्याच्या मुलीनं प्रोजेक्टला चित्र मागितलं तर नेटवरून काढून देतो. एकदा मी त्याला विचारलं, तू फाडलं का नाहीस? तो म्हणाला, "तू बसली होतीस ना समोर, घागर घेऊन. रिकामी." आईला मी हे सांगितलेलं नाही. तिनं त्या दुपारी जे केलं ते करायलाच हवं होतं, आणि ते एका पोराच्या अंगावरून गेलं. दोन्ही गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवते आणि त्यांची बेरीज करत नाही.

आई परभणीच्या गाडीत बसली तेव्हा मिलिंद स्टँडवर आला नाही. घरी पीठ मळत बसला होता. पहिले दिवस फार वाईट गेले. पीठ कधी चिकट, कधी भुसभुशीत. भाकरी तव्यावर टाकताना तिचे तुकडे व्हायचे आणि अण्णा ते तुकडे काही न बोलता आमटीत बुडवायचे. पोरं हसली. एकानं त्याला 'तुफान बाई' म्हटलं, त्याचं डोकं मिलिंदनं फोडलं, आणि साळवेकाकांनी दोघांना समोर बसवून समजावलं. मी शाळेतून आले की कालवण करायची. रात्री तो भिंतीकडं तोंड करून झोपायचा.

आई पहिल्या सुट्टीला आली ती भर दुपारी, न कळवता. बारीक झाली होती. पांढऱ्या साडीला परभणीच्या होस्टेलच्या साबणाचा वास येत होता. मिलिंद तिच्याकडं बघेना. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला तर तो खाली वाकून निसटला आणि स्टोव्हपाशी जाऊन पंप मारायला लागला. आई हात-पाय धुऊन खाली बसली. मी आमटी वाढली. मिलिंदनं भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. ती फुगली. त्यानं ती आईच्या ताटात लांबूनच टाकली.

आईनं घास मोडला आणि दारात सोजरबाई. "आली का गं मिलिंदची माय? कळलं मला. नातवाचा कान ठणकतोय सकाळधरनं, जरा बघ की चटकन."

आईचा हात ताटातच थांबला. ती उठायच्या बेतात होती. गुडघा जमिनीपासून सुटलासुद्धा होता. मिलिंद दाराशी गेला. पिठानं भरलेला हात त्यानं चौकटीवर ठेवला.

"ती जेवतीय," तो म्हणाला. "थांबा."

सोजरबाईंनी त्याच्याकडं बघितलं, मग त्याच्या मागं बघितलं. "बरं," त्या म्हणाल्या, आणि पायरीवर बसून त्यांनी नातवाला मांडीवर घेतलं.

मिलिंद परत येऊन तव्यापाशी बसला. आईकडं त्यानं तेव्हाही बघितलं नाही. स्टोव्ह घुमत होता. आईनं गुडघा खाली टेकला, सावकाश सगळी भाकरी खाल्ली, ताटातला आमटीचा शेवटचा थेंब बोटानं पुसला आणि आणखी एक भाकरी मागितली.